नामसाधर्म्य उमेदवार

नामसाधर्म्य उमेदवार म्हणजे एखाद्या निवडणुकीतील प्रमुख उमेदवाराच्या नावाशी पूर्णतः किंवा बहुतांशी जुळणारे नाव असलेला दुसरा उमेदवार. असा उमेदवार सामान्यतः अपक्ष असतो, प्रचार करताना फारसा दिसत नाही, त्याची अनामत रक्कम जवळजवळ नेहमीच जप्त होते. तरीही त्याला मिळालेली मते काही वेळा विजयी आणि पराभूत उमेदवारांमधील अंतरापेक्षा जास्त भरतात. महाराष्ट्रात याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण रायगड लोकसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचे आहे. भारताबाहेर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व फ्लोरिडा या राज्यांतील उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

वृत्तपत्रांत अशा उमेदवाराला अनेकदा ‘डमी उमेदवार’ म्हटले जाते. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाल्यास पर्याय असावा म्हणून पक्षच ज्याला अर्ज भरायला सांगतो, त्यालाही मराठीत डमी उमेदवारच म्हणतात. तो मुख्य उमेदवाराच्या सोयीसाठी उभा असतो आणि छाननीनंतर माघार घेतो. नामसाधर्म्य उमेदवार शेवटपर्यंत रिंगणात राहतो आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो.

नाव, मधले नाव आणि आडनाव

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन घटकांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. एकाच नावाच्या दोन व्यक्तींत भेद करण्याचे काम यांतील मधला घटक करतो. परंतु बोलण्यात, घोषणेत, फलकावर आणि बातमीत नेमका तोच गाळला जातो. मतदाराच्या कानावर महिनाभर पडलेले नाव दोन शब्दांचे असते, आणि मतदानयंत्रासमोर मात्र त्याने तीन शब्द वाचून मधल्याची खात्री करावी अशी अपेक्षा असते. नामसाधर्म्याचा सारा खेळ या एका गाळलेल्या शब्दावर चालतो.

कोकणात ही अडचण अधिक जाणवते. एका वाडीत बहुतेक घरे एकाच आडनावाची असणे येथे नवे नाही. अलिबाग, पेण, उरण या पट्ट्यात पाटील, म्हात्रे, ठाकूर ही आडनावे गावोगाव आढळतात. ओळख पटवण्यासाठी नावाला काहीतरी जोडण्याची गरज फार जुनी आहे. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे सापडलेला शके ९८२ चा (इ. स. १०६०) ताम्रपट हा मराठीच्या आद्य लेखांपैकी एक मानला जातो. त्यातील व्यक्तींच्या नावांना भट, घैसास यांसारख्या उपाधी जोडलेल्या आढळतात. व्यवहार लेखी झाला की कोण कोणता हे स्पष्ट असावे लागते, याची जाणीव त्या लेखकाला होती.

रायगड, २०१४

रायगड लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत पूर्वीच्या कुलाबा मतदारसंघाच्या जागी अस्तित्वात आला. त्यात रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. दिवेआगर हे गाव यांपैकी श्रीवर्धनमध्ये आहे. पेणपासून गुहागरपर्यंत, मध्ये बाणकोटची खाडी ओलांडून पसरलेल्या या क्षेत्रात उमेदवाराला प्रत्यक्ष पाहिलेले मतदार थोडे असणार, हे उघड आहे. २००९ च्या पहिल्या निवडणुकीत शिवसेनेचे अनंत गीते यांनी काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांचा १,४६,५२१ मतांनी पराभव केला.

२०१४ मध्ये गीते यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे सुनील दत्तात्रेय तटकरे उभे होते. ते त्या वेळी राज्याच्या मंत्रिमंडळात होते. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे, फक्त मधले नाव वेगळे असलेले, आणखी एक अपक्ष उमेदवार होते. निकालात गीते यांना ३,९६,१७८ आणि तटकरे यांना ३,९४,०६८ मते मिळाली. अंतर केवळ २,११० मतांचे राहिले. नामसाधर्म्य असलेल्या अपक्षाला ९,८४९ मते मिळाली होती.

या आकड्यांचा अर्थ लावताना थोडे थांबावे लागते. अपक्षाच्या ९,८४९ मतांपैकी २,१११ मते, म्हणजे पाचातील एकापेक्षा किंचित अधिक मते, जरी राष्ट्रवादीच्या उमेदवारासाठी अभिप्रेत असती तरी निकाल फिरला असता. ही शक्यता मोठी वाटते; कारण प्रचारात न दिसलेल्या अपक्षाला इतकी मते मिळण्याचे दुसरे सोपे कारण सुचत नाही. परंतु मतदान गुप्त असल्यामुळे कोणाचे मत कोणासाठी होते हे सिद्ध करता येत नाही, आणि गीते यांच्या विजयाचे श्रेय केवळ एका नावाला देणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाने स्वतंत्र उमेदवार दिला होता आणि त्याला सव्वा लाखाहून अधिक मते मिळाली. देशभर वाहणारे सत्तांतराचे वारेही तटकरे यांच्या विरोधात होते. नामसाधर्म्य हे पराभवाचे एकमेव कारण नव्हते. मात्र लढत इतकी चुरशीची झाल्यावर ते निर्णायक ठरू शकेल अशा कारणांपैकी एक होते, असे म्हणणे योग्य ठरेल.

निवडणुकीनंतर गीते केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले. २०१९ मध्ये याच दोघांत पुन्हा लढत झाली आणि तटकरे यांनी ४,८६,९६८ विरुद्ध ४,५५,५३० अशा मतांनी, म्हणजे ३१,४३८ च्या फरकाने ती जिंकली. त्याही वेळी तटकरे यांच्या नावाचे अपक्ष रिंगणात होतेच. पण शेतकरी कामगार पक्ष या वेळी तटकरे यांच्या बाजूने होता आणि अंतर वाढल्यामुळे त्या नावांचा उपद्रव निकालापर्यंत पोहोचला नाही. २०२४ मध्ये गीते यांच्याच नावाचे इतर उमेदवार उभे राहिले. त्या वर्षी तटकरे यांना ५,०८,३५२ व गीते यांना ४,२५,५६८ मते मिळाली, अंतर ८२,७८४ चे होते. दहा वर्षांत या युक्तीचा फटका दोन्ही बाजूंनी अनुभवला, असे या मतदारसंघाबाबत म्हणता येते. नामसाधर्म्य असलेल्या व्यक्तींना कोणी उभे केले, की त्या स्वेच्छेने उभ्या राहिल्या, याचा निवाडा कोणत्याही निवडणुकीच्या आकड्यांवरून होत नाही. रायगडमध्ये प्रत्येक वेळी आरोप मात्र झाले.

महाराष्ट्रातील इतर उदाहरणे

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात नाव आणि चिन्ह या दोन्हींचे साम्य एकत्र आले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाचे भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे ‘सर’ हा शब्द होता आणि पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे होते. भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाच्या नावापुढेही ‘सर’ होते आणि त्याला मिळालेल्या चिन्हाचे मराठी नाव ‘तुतारी’ असे होते. त्या अपक्षाने १,०३,६३२ मते घेतली. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी विजयी झाले, म्हणून हे प्रकरण विनोदाच्या अंगाने सांगितले जाते. फरक थोडा कमी असता तर ते तसे राहिले नसते. वर्गात मुलांनी आदराने म्हटलेले ‘सर’ मतपत्रिकेवर फसवणुकीचे साधन होऊ शकते, याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असावे.

त्याच निवडणुकीत सातारा येथे केवळ चिन्हाच्या साम्याने वाद उद्भवला. भारतीय जनता पक्षाचे उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला आणि ‘तुतारी’ चिन्हावरील अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. पक्षाने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. त्यानंतर विधानसभा निवडणुकीपूर्वी पक्षाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक दाखवण्याचे आयोगाने मान्य केले.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकार राज्यभर पसरला. रायगड जिल्ह्यातील पनवेलमध्ये शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील यांच्या नावाचे आणखी उमेदवार होते. कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार केवळ १,२४३ मतांनी निवडून आले. तेथेही त्यांच्या नावाचा उमेदवार रिंगणात होता.

महाराष्ट्राबाहेर केरळमधील आलप्पुळा (२००४) हे जुने उदाहरण आहे. काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले आणि नावात एका आद्याक्षराचाच फरक असलेल्या अपक्षाला आठ हजारांहून अधिक मते पडली. छत्तीसगडमधील महासमुंद येथे २०१४ मध्ये भाजपचे चंदूलाल साहू यांच्याशी नाव जुळणारे दहाच्या आसपास उमेदवार उभे होते. तरीही ते माजी मुख्यमंत्री अजित जोगी यांच्याविरुद्ध १,२१७ मतांनी विजयी झाले. २०२४ मध्ये तमिळनाडूतील रामनाथपुरम येथे माजी मुख्यमंत्री ओ. पन्नीरसेल्वम अपक्ष उभे असताना त्याच नावाचे आणखी अनेक अपक्ष समोर आले. पक्षाचे चिन्ह हाताशी नसल्यामुळे त्यांची अडचण दुहेरी होती.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेच्या निवडणूकपद्धतीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. तेथे पक्षाचा उमेदवार श्रेष्ठींच्या यादीतून ठरत नाही. बहुतेक पदांसाठी आधी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते आणि तीत सामान्य मतदार मत देतात. प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असल्यामुळे पक्षाचे नाव पाहून निवड करता येत नाही. भारतासारखे प्रत्येकाचे स्वतंत्र चिन्हही नसते. उरते ते फक्त नाव. शिवाय राज्यपालापासून कोषाध्यक्षापर्यंत अनेक पदे एकाच मतपत्रिकेवर असतात, आणि यादीत खाली जावे तसे उमेदवार मतदाराला अपरिचित होत जातात. नावाची ओळख हेच तेथे मोठे भांडवल असते. संभाव्य उमेदवारांच्या चर्चेतही ही गोष्ट नेहमी पुढे येते.

पेनसिल्व्हेनियातील रॉबर्ट पी. केसी हे त्या राज्याचे लेखापरीक्षक म्हणून लोकप्रिय होते. राज्यपालपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न १९६६ व १९७० मध्ये अयशस्वी झाला होता. १९७६ मध्ये रॉबर्ट ई. केसी नावाचे एक स्थानिक अधिकारी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या कोषाध्यक्षपदी निवडून आले; अनेक मतदारांनी त्यांना लेखापरीक्षक केसी समजून मत दिले, असे मानले जाते. १९७८ मध्ये गोंधळ अधिक वाढला. मूळ केसी राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पीट फ्लाहर्टी यांच्याकडून हरले आणि त्याच दिवशी, त्याच पक्षात, उपराज्यपालपदाची उमेदवारी तिसऱ्याच रॉबर्ट पी. केसी यांना मिळाली. हे तिसरे केसी पिट्सबर्गमधील शाळाशिक्षक आणि आइस्क्रीमविक्रेते होते. फ्लाहर्टी व केसी अशी जोडी मतपत्रिकेवर आली, तेव्हा मूळ केसी घरी बसले होते. ही जोडी सार्वत्रिक निवडणुकीत हरली आणि उपराज्यपालपद रिपब्लिकन पक्षाचे विल्यम स्क्रॅन्टन (तिसरे) यांना मिळाले. पुढे १९८६ मध्ये मूळ केसी यांनी स्वतःला ‘खरा बॉब केसी’ म्हणवत निवडणूक लढवली आणि याच स्क्रॅन्टन यांचा पराभव करून ते राज्यपाल झाले. मधल्या दोन्ही केसींना कोणी कट करून उभे केले होते असे मानले जात नाही. नाव खरे होते आणि उमेदवारीचा हक्कही खरा होता. या प्रकरणाचे महत्त्व त्यामुळेच आहे.

फ्लोरिडातील प्रकरण याच्या उलट आहे. २०२० मध्ये राज्य सेनेटच्या ३७ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे होसे हावियर रॉड्रिगेझ हे विद्यमान सदस्य रिपब्लिकन इलिआना गार्सिया यांच्याकडून फेरमोजणीनंतर अवघ्या ३२ मतांनी हरले. रॉड्रिगेझ आडनावाच्या, प्रचार न केलेल्या एका अपक्षाला सहा हजारांहून अधिक मते मिळाली होती. तपासात त्या अपक्षाला उभे राहण्यासाठी पैसे दिल्याचे उघड झाले. त्याने गुन्हा कबूल केला आणि माजी सेनेट सदस्य फ्रँक आर्टिलेस यांना २०२४ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. गार्सिया यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. त्यांची निवडही कायम राहिली. अपराध सिद्ध झाला, पण निकाल बदलला नाही.

अलास्कात २०१० मध्ये नावाचा प्रश्न आणखी एका रूपात आला. सेनेटर लिसा मर्कोव्स्की प्राथमिक निवडणुकीत हरल्यानंतर मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून मत देण्याच्या तरतुदीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. अशा उमेदवारांची यादी मतदान केंद्रांत दाखवायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा त्यांचे नाव गर्दीत हरवावे या हेतूने शंभराहून अधिक लोकांनी त्या यादीत आपापली नावे नोंदवली. मर्कोव्स्की तरीही जिंकल्या. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर चुकीच्या वर्णलेखनाचे मतही ग्राह्य धरले गेले. भारतातील यंत्रावर हेतू तपासण्याची अशी सोय नाही. बटण दाबले की मत त्या क्रमांकाचे.

कायदेशीर स्थिती

भारतात नाव जुळते या कारणावरून कोणाचीही उमेदवारी नाकारता येत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार दोन उमेदवारांची नावे सारखी असल्यास त्यांचा व्यवसाय, निवासस्थान किंवा अन्य काही जोडून भेद दाखवला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील १९९६ च्या दुरुस्तीनंतर उमेदवारांची यादी तीन गटांत लावली जाते : मान्यताप्राप्त पक्षांचे, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि उरलेले. प्रत्येक गटात वर्णानुक्रम पाळला जातो. यामुळे नामसाधर्म्य असलेला अपक्ष मुख्य उमेदवाराच्या लगत न येता खाली जातो. दोन्ही नावे शेजारी असती तर मतदार निदान थबकला असता. दूर असल्यामुळे ज्याला आधी खालचे नाव दिसले त्याला वर दुसरेही आहे याची कल्पना येत नाही, असाही या व्यवस्थेचा एक परिणाम संभवतो.

लोकसभेसाठी अनामत २५,००० रुपये व विधानसभेसाठी १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी असते. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते न मिळाल्यास ती जप्त होते. अपक्षाला दहा सूचक लागतात. निवडणुकीच्या एकूण खर्चाच्या तुलनेत हा अडथळा किरकोळ आहे. एखाद्याला उभे राहण्यासाठी पैसे किंवा लाभ देणे हे मात्र याच अधिनियमाच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे. पण देणेघेणे सिद्ध करावे लागते, आणि ते क्वचितच होते.

मे २०२४ मध्ये अशा उमेदवारांना आळा घालावा अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली. न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती विचारात घेण्यास नकार दिला. आईवडिलांनी एखाद्या प्रसिद्ध नेत्याचेच नाव ठेवले असेल तर तेवढ्यासाठी त्या व्यक्तीला निवडणूक लढवण्यापासून कसे रोखणार, असा न्यायालयाच्या विचारण्याचा आशय होता. पेनसिल्व्हेनियातील आइस्क्रीमविक्रेत्या शिक्षकाचा विचार केला तर या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. फ्लोरिडातील प्रकरण आठवले तर मात्र, ज्या मतदाराचे मत त्याच्या नकळत दुसरीकडे गेले त्याच्या हक्काचे काय, हा प्रश्न तितकाच जोरकस ठरतो.

उपाययोजना

रायगडच्या २०१४ च्या निवडणुकीत यंत्रावर उमेदवारांची नावे आणि चिन्हे होती, छायाचित्रे नव्हती. मार्च २०१५ मध्ये निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा आदेश दिला आणि १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून तो लागू केला. सारख्या नावांमुळे होणारा गोंधळ टाळणे हाच त्याचा घोषित हेतू होता. छायाचित्राने गोंधळ कमी झाला असावा, संपला मात्र नाही. दिंडोरीचे उदाहरण छायाचित्रे असतानाचे आहे. ज्याने उमेदवाराला कधी पाहिलेच नाही त्याला छोट्या कृष्णधवल छायाचित्राचा उपयोग मर्यादित असतो. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे २०२१ मध्ये बोरिस विश्नेव्स्की यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघांनी नाव तर बदललेच, पण दाढी आणि केसांची ठेवणही त्यांच्यासारखी केली. अधिकृत फलकावरची तिन्ही छायाचित्रे जवळजवळ एकसारखी दिसत होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने छायाचित्रे रंगीत छापणे, त्यांत चेहऱ्याने तीन चतुर्थांश जागा व्यापणे आणि अनुक्रमांक ठळक करणे असे बदल जाहीर केले; त्यांची सुरुवात बिहार विधानसभेपासून झाली. पक्ष स्वतःहीही काही काळजी घेतात. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत यंत्राच्या नमुन्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चिन्ह दाखवून नाव न वाचता क्रमांक लक्षात ठेवा असे सांगितले जाते.

ग्रामपंचायत निवडणुकीत ही युक्ती सहसा चालत नाही. तेथे पक्षांची अधिकृत चिन्हे नसतात आणि एका गावात एकाच नावाचे दोन-तीन जण निघणे मुळीच अवघड नाही. परंतु प्रभागातील काहीशे मतदार प्रत्येकाला घरावरून, वाडीवरून आणि टोपणनावावरून ओळखतात. राज्य निवडणूक आयोगाच्या यादीत मधले नाव काय आहे हे त्यांना पाहावे लागत नाही.